वेशीवरची घार

५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

सोबतच्या खोक्यात माझा जुना लॅपटॉप आहे. घाबरू नकोस, चावत नाही. चार्जरची पिन जरा वाकडी करून लावावी लागते, एवढंच. पत्र अशासाठी की घरी फोनवर बोललं की आईला सगळं ऐकू जातं, आणि माझा मोबाइल तर निम्मा वेळ तिच्याच हातात असतो. उत्तर चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. काचा घासायच्या मशीनमागे माझं टेबल आहे, तिकडे कोणी ढुंकून बघत नाही.

मागे तू विचारलं होतंस, "तुझी आई दिवसभर करते तरी काय?" मी म्हटलं, खेळते. तुला ती चेष्टा वाटली. पण ती खरंच खेळते. इंटरनेटवर एक खेळ आहे, त्यात हजारो माणसं एकाच वेळी वावरतात. जंगलं, किल्ले, राक्षस, जादूगार असं सगळं त्यात आहे. प्रत्येकाने आपलं एक पात्र घ्यायचं. आईचं पात्र उंच, दणकट, पाठीला धनुष्य. नाव घार. नऊ वर्षं चाकांच्या खुर्चीत बसलेली बाई तिथे डोंगर धावत चढते, मावशी. मी मागे उभी राहून बघते आणि बघून झालं की उगाच स्वयंपाकघरात जाते.

हल्ली तिने लढाया सोडल्यात. नवीन आलेला प्रत्येकजण पहिल्या गावाच्या वेशीवर उतरतो, बावचळलेला, हातात लाकडी दांडकं. ती तिथे उभी राहून त्यांना शिकवते. रोज दुपारी तीन ते पाच.

तू तिथे जा. कोण आहेस ते सांगू नकोस, नुसती नवखी म्हणून जा. आई शिडीवरून पडली, तू पडद्यांचं दुकान बंद केलंस, गाव सोडलंस, आणि उरले काय तर मला वर्षातून दोन फोन. तुमचं भांडण झालं असतं तर मी मिटवलं असतं. भांडण तर झालंच नाही! समोर यायचा धीर होत नसेल तर आडवाटेने ये.

थोडं शिकवून ठेवते. पात्र घेताना वैद्य घे, वैद्याला सगळे सांभाळून घेतात. पहिलं दांडकं विकू नकोस, गावाबाहेर लगेच लागतं. डुक्कर दिसलं तर सरळ रेषेत पळू नकोस, तेही सरळच पळतं. मेलीस तर रडू नकोस, कोणीतरी उठवतं. आणि काही कळलं नाही तर खुशाल विचार, नवख्याला कोणी हसत नाही.

तुझी ठेंगू
(आता तुझ्यापेक्षा वीतभर उंच)


१७ फेब्रुवारी

चि. ठेंगूस अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. पिन वाकडी करता करता माझी मान वाकडी झाली. मी इथे कपडे लहान-मोठे करायच्या दुकानात मागच्या खोलीत बसते. दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून शिलाई मशीनवर फळी टाकून त्यावर तुझं यंत्र ठेवलंय.

सांगायला लाज वाटते, पण माझं नाव 'हो' पडलंय. खेळानं नाव विचारलं, मी जरा विचार करत बसले. मग काहीतरी चौकट आली, मला वाटलं 'पुढे जायचं का' असं विचारतोय, म्हणून मी 'हो' असं टाइप केलं. ते आता बदलत नाही म्हणे. डोक्यावर 'हो' अशी पाटी घेऊन हिंडतेय.

पहिल्या दिवशी डुकराने मारलं. दुसऱ्या दिवशीही डुकरानेच, बहुतेक तेच असावं. तिसऱ्या दिवशी तळ्यात पडले. वेशीवर जायचा धीर काही झाला नाही. घार लांबून दिसली. दहाबारा जण तिच्याभोवती, आणि ती एकेकाला काहीतरी सांगतेय. मी झुडपामागे उभी राहिले. साठीला आलेली बाई, झुडपामागे! आमच्या मालकीणबाईंनी विचारलं, काय बघता एवढं? म्हटलं, नवीन नमुने.

पोरी, हे काही बरं नाही. तिला फसवल्यासारखं होतंय. तू चांगल्या मनाने केलंस, पण तुला सगळं ठाऊक नाही. लॅपटॉप परत पाठवू का?

तुझी मावशी


२६ फेब्रुवारी

मावशी,

परत पाठवलास तर मी घेणार नाही, पोस्टमनला तसं सांगून ठेवीन.

ऐक. काल चहा पिताना आई आपली आपणच हसायला लागली. बाबांनी विचारलं, काय गं? म्हणाली, "एक नवी बाई आलीये, हो नावाची. आठ दिवस झुडपातून माझ्याकडे बघतेय. आज मीच झुडपात गेले आणि म्हटलं, हो, बाहेर येतेस का? तर उत्तर काय, हो. नाव सांगतेय की उत्तर देतेय तेच कळेना!" बाबाही हसले. आमच्या घरात तिघं एकदम हसलो त्याला किती दिवस झाले, मला आठवतही नाही.

मला सगळं ठाऊक नाही असं तू लिहिलंस. जेवढं आहे तेवढं पुरे आहे. तू तिला भेटायला आली नाहीस, तिच्या वाईट दिवसांत बाजूला झालीस, ते तुला खातंय. खाऊ दे. पण म्हणून आणखी नऊ वर्षं घालवायची का?

घाई करू नकोस, पण जात राहा.

ठेंगू


१२ मार्च

प्रिय ठेंगू,

रोज जाते. तीनच्या ठोक्याला हातातलं काम बाजूला पडतं. परवा एका माणसाच्या पँटचा एकच पाय आखूड करून दिला.

तुझी आई काय शिकवते गं! मुळ्या कुठल्या उपटायच्या, कुठल्या ठेवायच्या. म्हणते, सगळ्या उपटू नकोस, तुझ्या मागून येणाऱ्यालाही औषध करायचंय. लढाईत वैद्याने कुणाकडे आधी बघावं? जो ओरडतो त्याच्याकडे नाही, गप्प पडलाय त्याच्याकडे. पूर्वी दुकानात तिला पडद्याचं कापड सरळ कापता येत नव्हतं, मी किती बोलायचे तिला! आता ती मला शिकवते आणि एकदाही आवाज चढवत नाही. मी मेले की शेजारी गुडघे टेकून बसते आणि मला उठवते. चौदा वेळा उठवलंय. कशी मेलीस असं एकदाही विचारलं नाही.

तिने मला बूट दिले. माझे काढून फेक म्हणाली, यांनी चढ सोपा जातो. मी घेतले. मग शिवायला बसले, पण लक्ष त्या बुटांतच. सुई बोटात गेली.

तिने विचारलं, तू काय करतेस? मी लिहिलं, शाळेत शिकवत होते. एक खोटं बोललं की पुढचं किती सहज येतं.

सुखात आहे मी, हेच वाईट आहे. मला इतकं सुख मिळायला नको.

उद्या ती मला कड्यावर नेणार आहे. तिथे दोघी लागतात म्हणे.

मावशी


२३ मार्च

मावशी,

काय झालं?

आई म्हणते, हो गेली. कड्यावर एकाने खाली दोर धरायचा असतो आणि दुसऱ्याने चढायचं. धरणाऱ्याने बटण दाबून ठेवायचं, सोडलं की वरचा पडतो. आईने लिहिलं, मी चढते, तू धर. आणि हो एकदम नाहीशी झाली. त्याला आता दहा दिवस झाले.

आई रोज तीनला जाऊन बसते, पण कोणाला शिकवत नाही, नुसती वाट बघते. मला म्हणाली, "माझंच चुकलं. बिचारीला अजून डुक्कर मारता येत नाही आणि मी तिला कड्यावर नेलं. ही घाईची खोड काही जात नाही माझी. एकदा एवढी किंमत मोजली तरी जात नाही."

असं म्हणत खुर्चीच्या चाकावर हात आपटत होती. मावशी, तू आजारी आहेस का? निदान एक ओळ लिही.

ठेंगू


४ एप्रिल

ठेंगू,

हे पत्र दुकानात उघडू नकोस. बाहेर कुठेतरी बसून वाच.

परवा मी परत गेले. ती वेशीवर एकटीच होती. मला बघून धावत आली. तिने जे लिहिलं ते मी कागदावर उतरवून घेतलंय, तसंच देते: "हो, तू घाबरलीस त्यात तुझा दोष नाही, माझा आहे. मला खऱ्या आयुष्यात चालता येत नाही. ताईबरोबर एका घरी पडदे लावायला गेले होते. ती मापं घ्यायला बाहेर गेली, थांब म्हणून सांगून गेली, तरी मी शिडीवर चढले. मला त्यातलं काही आठवत नाही, पण माझा स्वभाव मला माहीत आहे. ताईने जिवापाड उभं केलेलं दुकान माझ्यामुळे गेलं. ती माझं तोंड बघत नाही, आणि बरोबरच आहे तिचं. म्हणून मी इथे उभी राहते. दुसऱ्या कुणाची तरी घाई थांबवता आली तर बघते."

पोरी, असं झालंच नव्हतं.

मोठी खिडकी होती, छतापासून जमिनीपर्यंत. खाली गुळगुळीत फरशी. तुझ्या आईने विचारलं होतं, "ताई, शिडी हलतेय, खाली काही घालूया का?" मी म्हटलं, "चढ गं, मी धरलंय." ती माझ्या भरवशावर चढली. वरून म्हणाली, रॉड दे. मी रॉड दिला. तेवढ्यात पिशवीत माझा फोन वाजला. मोठ्या कामाचा फोन येणार होता, सोफ्यांचं. पिशवी चार पावलांवर खुर्चीत होती. मी शिडी सोडली. सोडते म्हणून सांगितलंही नाही. पाठमोरी होऊन मी नंबर बघत होते तेव्हा आवाज आला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तुझ्या बाबांनी विचारलं, "झालं कसं?" त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघालं, "मी मापं घ्यायला गेले होते. थांब म्हटलं होतं मी तिला." त्या वेळी वाटलं, ती शुद्धीवर आली की सांगेलच खरं. ती शुद्धीवर आली आणि तिला त्या दिवसातलं काही आठवेना. आणि ठेंगू, मला हायसं वाटलं. शिडी सोडल्याबद्दल मी स्वतःला कधीतरी माफ करीन, पण त्या हायसं वाटण्याबद्दल नाही करू शकत.

सहा महिन्यांनी तिचं मला पत्र आलं. ताई, माझ्या घाईमुळे तुझं दुकान गेलं, मला माफ कर. तिनं माझी माफी मागितली! मी ते पत्र घडी करून ठेवलं. उत्तर दिलं नाही. गाव त्याच आठवड्यात सोडलं.

आता तिला कोणीतरी सांगायला हवं. माझ्याच्याने ते होणार नाही. तू सांगशील का? तुझ्यावर तिचा जीव आहे, तुझ्या तोंडून ऐकलं तर कमी लागेल.

मावशी


११ एप्रिल

मावशी,

नाही सांगणार.

तू केलंस, तू सांग. आणि तिथे, वेशीवर, डोक्यावर 'हो'ची पाटी घेऊन नाही. आमच्या घरी यायचं, तिच्यासमोर बसायचं आणि आपल्या तोंडाने सांगायचं. या महिन्यात आली नाहीस तर तुझं पत्र मी तिच्या मांडीवर ठेवीन. ते मला करायला लावू नकोस.

तुझं पत्र मी बस थांब्यावर वाचलं. तीन बस गेल्या. मग घरी गेले तर आई भाजी चिरत होती. म्हणाली, तोंड का उतरलंय? मी म्हटलं, एक काच फुटली. मीही खोटंच बोलायला लागले.

आणखी एक. मी हे कधीच कोणाला सांगितलेलं नाही. मी चौदा वर्षांची होते. शाळेत आमचं नाटक होतं, हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नव्हती. आई येऊ शकली नाही. रात्रभर रुसून बसले आणि सकाळी तिला म्हणाले, "मावशी थांब म्हणाली होती ना? मग कशाला चढलीस?" आई एवढंच म्हणाली, "चुकलं गं माझं." मावशी, ते वाक्य मी बोलले, पण माझ्या हातात ते तू दिलं होतंस.

'हो'ला डुक्कर मारायला शिकवणारं कोणीही मिळालं असतं. तुला खरं बोलायला शिकवणारं इथे कोणी नाही. ते तुझं तूच बघ.

भाची


३० एप्रिल

ताई,

तू येऊन गेलीस त्याला बारा दिवस झाले. तू बोलत होतीस तेव्हा मी एक शब्दही बोलले नाही, हे तुला लागलं असेल. लागू दे. मला बोलायचं नव्हतं असं नाही. इतकं एकदम सुचलं की कुठून सुरू करू तेच कळेना. तू पाण्याचा पेला ठेवलास आणि उठून गेलीस. मी तेव्हा मनात म्हणत होते, आता जाऊ नकोस, निदान आता तरी जाऊ नकोस. पण ते तुला कसं कळणार?

मला अजूनही काही आठवत नाही. म्हणजे आधीचाही शब्द तुझाच, आताचाही तुझाच. कोणता खरा धरू? तीन दिवस त्यातच गेले. मग वाटलं, स्वतःला एवढं वाईट ठरवायला कोणी नऊ तासांचा प्रवास करून येत नाही. मी आताचा धरला.

आणि धरल्यावर काय झालं ते ऐक. राग नाही आला आधी. आधी मी माझ्या पायांकडे बघितलं आणि त्यांना म्हटलं, मी नव्हतं रे केलं हे. मोठ्याने म्हटलं. नऊ वर्षं मी त्यांच्याकडे बघताना चोरासारखी बघत होते. ह्यांना सांगितलं. हे माझ्या खुर्चीची चाकं काढून साफ करत बसले. ठेंगूने मला शाळेतल्या जुन्या नाटकाबद्दल काहीतरी सांगितलं आणि रडली. तिला मी जवळ घेतलं. तिचा दोष नव्हता, तिला सांगितलं तेवढंच तिला माहीत होतं.

राग त्यानंतर आला. आणि तो शिडीचा नाही. फोन वाजला, तू वळलीस. कोणीही वळलं असतं, मीही वळले असते. पण माझं माफीचं पत्र तू वाचलंस आणि घडी करून ठेवलंस? ताई, ते पत्र लिहायला मला चार दिवस लागले होते. उशीला टेकून, पाटीवर कागद धरून, एकेक ओळ. ते तू कपाटात ठेवलंस आणि तुला झोप लागली?

ती 'हो' तूच होतीस म्हणालीस, तर तिचंही सांगते. तिला मी जे सांगितलं ते अनोळखी माणसाला सांगितलं होतं. तुला सांगितलं नव्हतं. तू ते ऐकायला नको होतंस. मला ती आवडायची गं. वेंधळी होती, पण मायाळू होती. आता ती कोणीच नव्हती असं कळल्यावर मी तिच्यासाठीही रडले. हे हसण्यासारखं आहे, पण तू हसू नकोस.

'माफ केलं' असं या पत्रात कुठे लिहिलंय का म्हणून तू शोधत असशील. नाही लिहिलेलं. लिहिलं तर तू ते घडी करून ठेवशील आणि पुन्हा दिसणार नाहीस, मी ओळखते तुला. मला तुझ्यावर रागवायचंय. चांगलं, सावकाश, अनेक दिवस. त्याला समोर माणूस लागतं. पत्रात ओरडता येत नाही आणि खेळात मला ओरडायचं नाही, तिथे नवीन माणसं असतात, बिचकतील.

तेव्हा रविवारी ये. आणि त्याच्या पुढच्याही रविवारी. सकाळच्या गाडीने निघालीस तर संध्याकाळपर्यंत पोचशील, रात्री इथेच राहा, कोचावर जागा आहे. मी बोलेन ते ऐकून घ्यायचं, मधेच उठायचं नाही. फोन वाजला तर वाजू द्यायचा. कधीतरी माझं बोलून संपेल. मग काय होईल ते मलाही माहीत नाही.

दार लोटलेलंच असतं. मला उठून उघडता येत नाही. ढकल आणि आत ये.

तुझी धाकटी